तू ‘नाही’ म्हणालास

फहाहील, ९ नोव्हेंबर

फव्वाज,

सलाम लिहीत नाही. सलाम म्हणजे समोरच्याची खुशाली मागणं, आणि आज ती तुझ्यासाठी मागावी असं मनात येत नाही.

मी फोन उचलत नाही म्हणून तू माझ्या बहिणीकडे, दलालकडे तक्रार केलीस म्हणे. उचलणारही नाही. मी फोनवर बोलायला लागले की तू स्पीकर लावतोस. शेजारी तुझी आई बसलेली असते, तिच्या शेजारी बद्रिया मावशी, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या सुर्रा मोहल्ल्याला कळतं की फव्वाजची बायको तोंडाळ आहे. म्हणून कागद. दलाल ऑफिसात तुमच्याच मजल्यावर काम करते, ती तुझ्या टेबलावर ठेवून जाईल. कागद ज्याचा त्याला एकट्यानेच वाचावा लागतो. वाच.

तुझा निरोप पोचला. “हॉस्पिटलातून परस्पर माहेरी गेलीस, लोक काय म्हणतील? लुल्वा बरी होतेय ना? मग आता राग कसला?”

राग कसला ते सांगते.

आपली मुलगी बकरी ईदला पालथी पडत होती. तुझ्या बापाची दाढी ओढत होती. त्यानंतर काय झालं ते तूही बघितलंस, पण तू बघितलंस ते दारातून, येता-जाता. मी मांडीवर घेऊन बघितलं. आधी तिचं पालथं पडणं थांबलं. मग धरलेली मान तिने सोडून दिली. मग हसणं गेलं. शेवटी रडणंही गेलं. भूक लागली की नुसतं तोंड उघडायची, आवाज नाही. बद्रिया मावशी म्हणाल्या, “किती गुणी पोर, रडतच नाही!” तुझ्या आईने नजर उतरवली, ऊद जाळला, झमझमचं पाणी पाजलं. आपण हॉस्पिटलात नेलं तेव्हा ती माझ्या हातावर ओल्या टॉवेलसारखी लोंबत होती.

त्या दुपारी मी कपडे बदलायला घरी गेले होते. खोलीत तू होतास आणि तुझी आई. डॉक्टर नर्मीननी विचारलं, “बाळ आईच्याच दुधावर आहे, वरचं काही तोंडात धरत नाही. आईचं पोटाचं काही ऑपरेशन झालंय का? वजन उतरवण्याचं वगैरे?”

आणि तू म्हणालास, “नाही. माझी बायको पहिल्यापासूनच बारीक आहे.”

पहिल्यापासूनच बारीक! एकशे एकवीस किलोची होते मी, फव्वाज. शाळेत शिकवताना फळ्यावर लिहायला वळले की मागून मुली खिदळायच्या. तुला माहीत होतं. जगात माझ्या आईबापांनंतर कुणाला माहीत असेल तर ते तुला.

तुझ्या त्या एका शब्दानंतर लुल्वाच्या डोक्याचे फोटो काढले. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. तिला दाबून धरायला दोन नर्सा आल्या होत्या, पण धरावंच लागलं नाही, ती हललीच नाही. तू बाहेर व्हरांड्यात उभा होतास. तेव्हासुद्धा तुझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

तिसऱ्या दिवशी खाला, तुझी आई, नमाजाला गेल्या होत्या. डॉक्टर माझ्याकडे वळल्या. “बाळाच्या रक्तात बी-बारा जवळजवळ नाहीच. ते तुमच्या दुधातून यायला हवं होतं. तुमच्यातच नाही की काय?” मी म्हणाले, “पाच वर्षांपूर्वी बायपास झालंय माझं. जठर छोटं केलंय.” त्यांनी केसपेपर उलटून बघितला. “मग बाळाचे वडील ‘नाही’ का म्हणाले?”

ह्याचं उत्तर तूच द्यायचं आहेस. तुझ्याकडे असेल तर लिही. नसेल तर लोक काय म्हणतील ते लोकांनाच विचार.

अन्फाल

फहाहील, १४ नोव्हेंबर

फव्वाज,

चिठ्ठी मिळाली. “मला कुठे ठाऊक होतं की त्याचा दुधाशी संबंध असतो?”

व्वा. हे तू मला सांगतोस?

तुझी आई सगळ्यांना सांगते की आपली ओळख मंत्रालयात झाली, मी विजेच्या बिलाची तक्रार घेऊन आले आणि तू ती सोडवलीस. छान गोष्ट आहे. तूच रचलीस. ती एवढ्यांदा ऐकली आहे की मलाच कधीकधी ते बिल आठवतं. पण ओळख झाली ती लठ्ठपणाच्या दवाखान्यात, बी-बाराच्या इंजेक्शनच्या रांगेत. माझ्याआधी तुझा नंबर होता आणि तू म्हणालास, “तुम्ही पुढे व्हा. मला सुईची भीती वाटते.” मला हसू आलं. एवढा उंच माणूस, अंगावरची कातडी अजून सैल, अंगातला दिशदाशा-झगा दोन मापं मोठा. तुझं ऑपरेशन माझ्या आधी वर्षभर झालेलं, अम्मानमध्ये. घरी सांगितलं होतंस प्रशिक्षणाला चाललोय.

मला अक्कल कुणी शिकवली? तूच. “लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, एकमेकींना मारतात.” “चहा प्यायल्यावर लगेच लोह घ्यायचं नाही.” “एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, गोळी चुकता कामा नये. आपलं पोट आता आपल्यासाठी अन्नातून काही वेचत नाही, आपणच वेचून द्यायचं. जन्मभर.” हे तुझे शब्द. मी तुझ्या प्रेमात पडले ते ह्या शब्दांमुळे, हसू नकोस. मला वाटलं, ह्या माणसापाशी मला काही लपवावं लागणार नाही.

आणि लग्न झाल्यावर तू मला पहिली गोष्ट काय सांगितलीस? “युम्माला कळता कामा नये.”

ठीक आहे म्हटलं, आईला नको सांगायला. तुझ्याबद्दल कळू नये म्हणून माझ्याबद्दल कळू नये, कारण एकीचं उघड झालं की दुसऱ्याकडे बोट जाणार. शुक्रवारी तुझ्या आईच्या पंगतीत आपण दोघं मचबूसच्या, मटण-भाताच्या ताटासमोर बसायचो आणि अर्धं ताट टेबलाखालून मांजरींना घालायचो. खाला म्हणायच्या, “माझ्या घरात मांजरी माजल्यात आणि माणसं वाळलीत.” आपण खाली बघून हसायचो. तेव्हा मजा वाटायची. लपण्यातही मजा असते, दोघं असली की.

मग एक दिवस कपड्यांच्या कप्प्यातल्या माझ्या गोळ्या नाहीशा झाल्या. तुला विचारलं तर म्हणालास, “नव्या आणतो.” आणल्या नाहीस. इंजेक्शनला चल म्हटलं तर म्हणालास, “मी डॉक्टरांना विचारलं. दोन वर्षं झाली की शरीर आपोआप सावरतं. आता गरज नाही.”

कोणत्या डॉक्टरांना विचारलंस? नाव सांग.

तू सांगणार नाहीस म्हणून मीच काल तिथे गेले. रिसेप्शनवरच्या बाईने तुझं नाव घालून बघितलं. लग्नानंतर तू तिथे पाऊलसुद्धा टाकलेलं नाहीस. माझ्यासाठी नाही आणि स्वतःसाठीही नाही. कुणाला विचारलंच नव्हतंस. इंजेक्शन आपल्या मोहल्ल्यातल्या दवाखान्यात घ्यावं लागलं असतं, तिथे बद्रिया मावशींची सून बसते, ती आपल्याला बघून घरी सांगेल, एवढी भीती तुला पुरली.

मी तुझ्यावर विश्वास ठेवला. दिवस राहिल्यावर तपासणीला प्रत्येक वेळी खाला सोबत असायच्या, मी तोंड उघडलं नाही, कारण तू सांगितलं होतंस गरज नाही. माझे हात झोपेत बधिर व्हायचे, जिभेची आग व्हायची, मला वाटायचं गरोदरपणच असं असतं. त्याचं ओझं माझं मी वाहीन, तुला त्यात वाटा देत नाही. तू तुझं वाहा.

लुल्वाबद्दल विचारलं नाहीस. तरी सांगते. दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी नर्सने मांडी धरली आणि ती किंचाळली. किती आठवड्यांनी! अशी किंचाळली की शेजारच्या खोलीतली बाई बघायला आली. नर्स सॉरी म्हणत होती आणि मी तिचे हात धरून म्हणत होते, नको, नको, रडू दे तिला. तुझी मुलगी रागावली होती, फव्वाज. तोंड लालबुंद. तिच्या अंगात रागाएवढी ताकद आली होती.

ती माझ्यावर गेली आहे.

अन्फाल

फहाहील, २२ नोव्हेंबर

फव्वाज,

काल तुझी आई आली होती. तुला सांगून आली नव्हती, हे मला माहीत आहे. आणि परत गेल्यावर तुला काही बोलली नसणार, हेही माहीत आहे. म्हणून लिहिते.

गहू-मटणाच्या हरीसचं भांडं घेऊन आल्या. दम लागलेला. बुरख्याची गाठ सोडायच्या आधीच सुरू झाल्या. “पोरी, माझं काय चुकलं ते सांग. ऐकून घेते आणि जाते.”

“तुमचं नाही, खाला. तुमच्या मुलाचं.”

“मुलगा माझाच. म्हणजे माझंच. बोल.”

मी भांडं त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवलं. त्याच पुन्हा म्हणाल्या, “गोळ्या फेकल्या त्याचा राग आहे ना अजून? अगं, फेकल्या म्हणून तर लुल्वा झाली!”

मला काही कळेना. “कुठल्या गोळ्या?”

“आता वेड पांघरू नकोस. कपड्यांखाली ठेवायचीस त्या. मूल होऊ नये म्हणून घ्यायचीस त्या! धुतलेले कपडे ठेवायला गेले तर डबेच्या डबे. मी फव्वाजला विचारलं, ह्या कसल्या रे? तो लाल झाला. म्हणाला, युम्मा, तिला इतक्यात मूल नकोय. मग मी काय करायचं, त्यांची पूजा? दिल्या कचऱ्यात. आणि दोन महिन्यांत तुला दिवस राहिले. अजून बद्रियाला सांगते मी ती गोष्ट.”

फव्वाज, मी हसले. इतकी हसले की बाबा काळजीने दारात येऊन उभे राहिले. म्हणजे त्या घरात जवळजवळ दोन वर्षं मी मूल नको असलेली सून होते. “शिकलेल्या मुलींना पोरं नकोत, फक्त पर्सा हव्यात,” हे टोमणे जेवताना कुठून यायचे ते मला आज कळलं. आणि तू समोर बसून भाताची शितं मोजायचास.

मी आतून माझे आताचे डबे आणले आणि खालांच्या मांडीवर ठेवले. “वाचा.”

चष्मा शोधला, लावला. एकेक डबा डोळ्यांजवळ धरला. “लोह. कॅल्शियम. व्हिटॅमिन... हे काय?”

“हेच फेकलं होतं तुम्ही. दुसरं काही नव्हतं.”

मग मी सांगितलं. सगळं. म्हणजे माझं सगळं. वजन, शाळा, ऑपरेशन, जन्मभराच्या गोळ्या, आणि लुल्वाच्या रक्तात काय नव्हतं ते. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं होतं, आता उठतील आणि म्हणतील, फसवलंत आम्हाला.

पण त्यांनी विचारलं, “किती होतीस?”

“एकशे एकवीस.”

“माझी थोरली बहीण एकशे चाळीस होती. साखर झाली, पाय कापला, मग तीच गेली. तेव्हा ही ऑपरेशनं नव्हती. तुला ह्यात लपवण्यासारखं काय वाटलं?”

“बद्रिया मावशी सगळीकडे सांगतील, असं...”

“बद्रिया सांगणारच. तिच्या सुनेने नाक नीट करून घेतलं तेही तिनेच सांगितलं. म्हणून काय त्या सुनेने श्वास घ्यायचं सोडलं?”

आणि मग एकदम त्यांचा चेहरा पडला. हरीसच्या भांड्याकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे पोरीचं औषध मी माझ्या हातांनी कचऱ्यात टाकलं.”

हे वाक्य दोनदा वाच, फव्वाज. तुझी आई बोलली आहे हे. तू तिच्या हातून हे करवलंस, आणि वर तिला त्याचा अभिमान वाटू दिलास. ती माझ्या बापाच्या घरात, माझ्या सतरंजीवर बसून तोंडावर बुरख्याचं टोक घेऊन रडली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. तुझ्या जागी. तुझं काम मी करत होते.

जाताना दारात वळल्या. “आणि फव्वाजला ठाऊक होतं? तुझ्या ऑपरेशनचं?”

“होतं.”

“मग त्याने माझ्यापासून का लपवलं? मी काय राक्षसीण आहे?”

“त्यालाच विचारा, खाला.”

एवढंच बोलले. तुझ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. माझी गोष्ट मी सांगितली, तुझी तू सांग. दुसऱ्याची गोष्ट दडपायचा मला कंटाळा आला आहे, आणि उघडी करायचा हक्क नाही.

अन्फाल

फहाहील, १ डिसेंबर

फव्वाज,

चॉकलेटचं चांदीचं तबक मिळालं. गुलाबांसकट. तुला माहीत आहे की दोन चॉकलेटं खाल्ली तर मला घाम फुटतो, छाती धडधडते आणि आडवं व्हावं लागतं. तुलाही तेच होतं. तबक दलालने तिच्या ऑफिसात वाटलं, तुझ्याही टेबलावर एक ठेवलं असेल.

सोबतच्या कार्डावर लिहिलं आहेस, “जे झालं ते झालं.” कुणाला झालं? तुला काय झालं?

बरं, ते मला कळलं. खाला आता रोज लुल्वासाठी फोन करतात. परवा सहज बोलता बोलता हसत म्हणाल्या, “तुझा नवरा म्हातारा झाला बाई. गाडीपर्यंत जातो आणि बघतो तर एका पायात चप्पलच नाही. मागे अंगणात पडलेली. निसटलेली कळतसुद्धा नाही त्याला.” त्यांना ते विनोदी वाटलं. मी तेवढ्यावर फोन ठेवला.

तुला पाय जाणवत नाहीत. कधीपासून? जिना उतरताना भिंतीला हात लावायला लागला होतास, ते मी उन्हाळ्यातच बघितलं होतं. मला वाटलं नवे जोडे. आणि दिवाणियाच्या बैठकीतल्या मित्रांची नावं विसरायचास, मला वाटलं कामाचा ताण. अरे मूर्खा, तुझ्यातही बी-बारा संपलंय! ज्याने माझ्या मुलीची मान पाडली तेच तुझ्या पायांत शिरलंय. माझ्याशी खोटं बोललास ते समजू शकते, पण स्वतःच्या तळपायांशीही खोटं बोलतोस?

डॉक्टर नर्मीननी मला स्वच्छ सांगितलं आहे. नसांचं असं फार दिवस चाललं तर गेलेलं सगळं परत येत नाही. लुल्वा लहान आहे, तिचं लवकर सापडलं. तू चौतीस वर्षांचा आहेस.

तपासणीला जा. एकटा जाशील तर पुन्हा दारातून परत येशील, मला माहीत आहे तुझी सुईची भीती. म्हणून आईला घेऊन जा. आणि आईला न्यायचं म्हणजे आधी तिला सांगावं लागेल. मला ह्यातून दुसरी वाट दिसत नाही. तुला दिसली तर ती वाट खोटी असेल.

आणि कृपा करून असं समजू नकोस की मला तुझी काळजी आहे. लुल्वा उद्या चालायला लागेल, तिला मागे धावणारा बाप लागेल.

अन्फाल

सालमिया, १२ डिसेंबर

फव्वाज,

काल आपण एका खोलीत तासभर बसलो आणि एकमेकांशी बोललो नाही. म्हणून पुन्हा कागद. हा शेवटचा असेल असं वाटतंय, हाताला कंटाळा आलाय.

तू सांगितलंस ते खालांनी मला फोनवर सांगितलं. “चहा ओतत होते, तर म्हणाला, युम्मा, मीसुद्धा. मी म्हटलं, मीसुद्धा काय? म्हणाला, मीसुद्धा पोट कापून घेतलंय, अम्मानला. मी म्हटलं, अरे, तू तर शिकायला गेला होतास! तुला तिकडे घरचं मिळत नाही म्हणून मी तुपात भिजवलेले खजूर पाठवले होते! म्हणाला, ते मी सगळ्या नर्सांना वाटले.” इथे त्या थांबल्या. मला वाटलं रडताहेत. पण त्या चिडल्या होत्या. “आणि मी सहा वर्षं सगळ्या बायकांना सांगत फिरतेय, माझ्या मुलाने चालून चालून वजन उतरवलं, तुमची पोरं आळशी! आता कोणत्या तोंडाने जाऊ त्यांच्याकडे?” मग म्हणाल्या, “त्यानंतर त्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. दहावीत नापास झाला होता तेव्हा ठेवलं होतं, तसं. मी काय करणार? केस ओढले आणि मग कुरवाळले.”

असो. तू सांगितलंस. उशिरा, पण स्वतः सांगितलंस. मी त्याचं कौतुक करणार नाही, कारण त्याबद्दल कौतुक करायची वेळ यावी हेच लाजिरवाणं आहे.

मी काल दवाखान्यात का आले? खालांनी बोलावलं म्हणून. लुल्वाचंही इंजेक्शन होतं म्हणून. कारणं पुष्कळ आहेत, तुला हवं ते घे.

तुझ्या डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शनं कधीपासून बंद आहेत? तू म्हणालास, “असतील पाच-सहा महिने.” तेव्हा मी कोपऱ्यातून बोलले, आठवतं ना? “लग्न झाल्यापासून.” तू माझ्याकडे बघितलंस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ. मग तू डॉक्टरांकडे वळून म्हणालास, “ती बरोबर सांगतेय. मी खोटं बोललो.” खाला म्हणाल्या, “सवय आहे त्याला,” आणि डॉक्टरांना हसावं की नाही कळेना.

मग त्यांनी तुला जोडे काढून उभं केलं. पाय जुळवून. हात बाजूला. म्हणाले, आता डोळे मिटा.

तू डोळे मिटलेस आणि हलायला लागलास. आधी थोडा, मग जोरात, वाऱ्यात उभा असल्यासारखा. तुला कळत नव्हतं. चेहऱ्यावर तू नीट उभा असल्याचाच भाव होता. मग एकदम तू माझ्या बाजूला कललास. डॉक्टरांचा हात पोचेपर्यंत मी लुल्वाला खालांच्या मांडीवर टाकून उठले होते आणि तुझा दंड धरला होता. तू डोळे उघडले नाहीस. म्हणालास, “कोण?” मी उत्तर दिलं नाही. पण सोडलंही नाही, त्यांनी तुला खुर्चीत बसवेपर्यंत.

डॉक्टर म्हणाले ते तू ऐकलंस. आधी रोज एक इंजेक्शन, मग आठवड्याला, मग महिन्याला, मग तू आहेस तोवर. गोळ्या वेगळ्या. पाय किती परत येतील ते आज कुणी सांगू शकत नाही. रात्री अंधारात चालताना दिवा लावायचा.

आता माझं ऐक. मी सुर्राला वरच्या मजल्यावर परत येणार नाही. तुझी आई ये म्हणतेय तरीही नाही. मी सालमियात दोन खोल्या घेतल्या आहेत, शाळा जवळ आहे. गोळ्या स्वयंपाकघरात उघड्यावर ठेवल्या आहेत, मिठाच्या शेजारी. ज्याला कुणाला विचारायचं असेल त्याने विचारावं, बद्रिया मावशींनीसुद्धा. जिना नाही, घर तळमजल्यावर आहे. हे मी तुझ्या पायांचा विचार करून घेतलं की नाही, ते मला विचारू नकोस.

तुला यायचं असेल तर ये. नसेल तर लुल्वाला भेटायला दर शुक्रवारी ये. ती आता उशीला टेकून बसते. तिला काही हिसकावून घेतलं तर भांडते.

आणि काल मी तुझा दंड धरला म्हणजे माफ केलं असं समजू नकोस. तू पडला असतास, म्हणून धरला. मी अजून रागावलेली आहे आणि बरेच दिवस राहणार आहे. तुला हे सोसवत असेल तरच पत्ता दलालकडून घे.

अन्फाल